जाईची पेटी

राखीव निरीक्षक धनोकर साहेब भर दुपारी बँडरूममध्ये शिरले आणि मला म्हणाले, "खंडारे, ढोल बाहेर काढ."

मला वाटलं, कुठे मिरवणूक निघाली असेल. मे महिन्यात आमच्या वऱ्हाडात दुपारी कोणी शहाणा माणूस दार उघडत नाही, पण पोलीस बँडला शहाणपणाची सवलत नव्हती. मी बिगूल काखेत मारला आणि विचारलं, साहेब, कुठे वाजवायचं. साहेब म्हणाले, वाजवायचं कुठेच नाही, ढोल बाहेर ठेव आणि जाईला आत येऊ दे. अख्ख्या मुख्यालयात चालू कूलर दोनच होते, एक त्यांच्या कक्षात आणि एक आमच्या बँडरूममध्ये. त्यांच्या कक्षात ते स्वतः बसणार होते, त्यामुळे निर्णय घ्यायला त्यांना वेळ लागला नव्हता.

त्यांच्या मागे दारात शेषराव अढाऊ उभा होता. दोन्ही हातांवर जाई. तिची मान त्याच्या कोपरावरून खाली लोंबत होती आणि तो ती पुन्हा पुन्हा वर उचलून घेत होता, झोपलेल्या पोराची घेतात तशी. ढोल सरकवताना माझ्या हातून झांजा पडल्या. एवढा आवाज झाला, पण जाईचा कान हलला नाही. तेव्हा मला काय ते समजलं.

जाई म्हणजे आमच्या जिल्हा पोलीस दलाची कुत्री. पिवळसर लॅब्रेडोर, काम बॉम्ब शोधायचं. पोलिसांच्या कुत्र्यांची नावं सहसा वाघासिंहांची असतात, पण एका जुन्या एसपी साहेबांच्या बाईसाहेबांना बागकामाची आवड होती आणि श्वान पथकाची बारशी त्यांनी स्वतः केली. म्हणून बॉम्ब शोधणारी ती जाई, आणि चोरांच्या मागावर जाणारा, आजवर चोरांपेक्षा शिपायांनाच जास्त चावलेला काळा डॉबरमन तो मोगरा.

शेषराव जाईचा हँडलर. पोलीस लाईनीत त्याचं क्वार्टर माझ्या भिंतीला लागून होतं. ड्युटी संपली की कुत्र्याने आपल्या खोलीत जावं आणि माणसाने आपल्या घरी, असा नियम आहे. शेषराव घरी जायचा, पण जाईला खाऊ घालून, तिचे कान पुसून, दिवसभराचं सगळं तिच्याशी बोलून, मग. घरी आल्यावर ह्या माणसाकडे बोलायला काही उरलेलं नसतं, अशी वहिनींची कायमची तक्रार होती. एकदा त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या की सवत दोन पायांची असती तर भांडता तरी आलं असतं.

जाई गेली ती पालकमंत्र्यांच्या हेलिपॅडवर. त्या सकाळी त्यांचं हेलिकॉप्टर उतरायचं होतं. मंत्री जिथे येणार ती जागा आधी कुत्र्याने हुंगलीच पाहिजे, आणि वेळ बदलली की ती पुन्हा हुंगायची, असा सुरक्षेचा नियम. वेळ बदलत गेली आणि जाई हुंगत गेली. शेवटी निरोप आला की साहेब आज येत नाहीत, आणि तोवर जाई हेलिपॅडच्या कडेला आडवी झाली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी उष्माघात लिहिला. धनोकर साहेबांनी प्रेसनोटमध्ये त्याचं वीरमरण केलं.

ऊन उतरल्यावर शेषराव फावडं घेऊन कुठे तरी गेला आणि कोपरापर्यंत मातीने भरून परत आला. गोळीबार मैदानाच्या पलीकडे नाल्याच्या काठी एक बाभूळ आहे. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की जाई तिथे डुंबायची आणि मग बाभळीखाली अंग झटकून सगळ्यांचे गणवेश खराब करायची. तिथे त्याने खड्डा खणला होता. मला म्हणाला, "चाल खंडारेभाऊ. नेऊ तिले." आम्ही तिला चादरीत घेतली, तेवढ्यात धनोकर साहेब आले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते नुकतंच घातलेलं होतं आणि आतून आनंद दिसत होता.

मंत्र्यांच्या पीएचा फोन आला होता. टीव्हीवर जाईची बातमी लागली होती. त्यात बातमी देणाऱ्या पोराने कुत्री कोणाची वाट बघताना गेली तेही सांगून टाकलं होतं. त्यामुळे मंत्री साहेब व्यथित झाले होते. उद्या सकाळी ते स्वतः येऊन अंत्यदर्शन घेणार, बंदुकीच्या फैरी झडणार, बिगूल वाजणार, परेड मैदानावर ध्वजस्तंभाजवळ समाधी होणार आणि तिला पुढे स्मारकाचा दर्जा मिळेल की नाही यावर विचार होणार होता. शेषराव चादरीचं टोक धरून ऐकत राहिला. मग त्याने जाईला पुन्हा कूलरसमोर ठेवलं आणि तिच्या पायाशी भिंतीला टेकून बसला.

दुसरा दिवस उजाडला. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आल्या. मैदानात मंडप पडला. त्यावर लावायला जाईचा मोठा फोटो पाहिजे होता, पण दलाकडे तिचा एकच बरा फोटो निघाला आणि त्यात तिच्या शेजारी गुडघ्यावर बसलेला शेषराव होता. छापणाऱ्याने त्याला कापला. कापताना त्याचा हात तेवढा राहून गेला, त्यामुळे बॅनरवर जाईच्या गळ्याभोवती कोणाचाच नसलेला एक हात होता. धनोकर साहेबांनी तो बघितला आणि म्हणाले, चालेल, पट्ट्यासारखा वाटतो.

सकाळची वेळ दुपारवर गेली. दुपारची संध्याकाळवर गेली. मग पीए म्हणाला, आज जमत नाही, उद्या नक्की. मी बँडरूमच्या पायरीवर बसून बिगूल पुसत होतो. लग्नसराई होती आणि बाहेर दोन वराती माझ्यावाचून खोळंबल्या होत्या, हे कबूल करतो. पण आत बसलेल्या माणसाकडे बघून मला त्यांची नावं काढायचा धीर झाला नाही. वहिनींनी भाकरी पाठवली, ती तशीच परत गेली. चहा गेला, तोही परत आला. लाद्या वितळून पाणी उंबऱ्यापर्यंत यायचं आणि शेषराव उठून ते पोत्याने टिपायचा. एवढंच त्याला करायला होतं.

संध्याकाळी तो उठला, टोपी घातली आणि थेट एसपी साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. पाठोपाठ धनोकर साहेब धावले आणि धनोकर साहेबांच्या पाठोपाठ मी. एसपी साहेब तरुण होते, बाहेरच्या राज्यातून येऊन चांगलं पुस्तकी मराठी शिकले होते आणि मनाने वाईट अजिबात नव्हते.

"साहेब, तिले आज माती देऊ द्या," शेषराव म्हणाला. "मंग मंत्री साहेब कधीबी येवोत. वरतून हार घाला, फैरी झाडा. मी काही म्हणत नाई."

"अढाऊ, मी तुमच्या भावना समजू शकतो," एसपी साहेब म्हणाले. "परंतु पार्थिवाविना अंत्यदर्शन कसे होणार?"

"साहेब, मे महिन्यात पार्थिव टिकत नाई."

एसपी साहेबांना पटलं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण फोन पीएचा होता आणि बदल्यांचा महिना जवळ आला होता. ते धनोकर साहेबांकडे वळून म्हणाले, बर्फ वाढवायला सांगा. शेषरावने सॅल्यूट केला. मी बरेच सॅल्यूट बघितले, पण इतका सरळ आणि इतका रागाने केलेला दुसरा बघितला नाही.

मग तिथेच बंदोबस्ताची बैठक बसली आणि पुढचा घोटाळा निघाला. धनोकर साहेब दुसऱ्या दिवसाचा बंदोबस्त वाचून दाखवत होते. कोण कुठे उभा, कोणत्या गेटवर कोण. वाचता वाचता ते म्हणाले, मंत्री येण्याआधी मैदानाची श्वान पथकाकडून तपासणी, आणि पुढे कोणाचं नाव घ्यायचं म्हणून थबकले. खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. जिल्ह्यात बॉम्ब शोधणारी कुत्री एकच होती. तिच्या अंत्यदर्शनाची जागा तिने हुंगल्याशिवाय तिचं अंत्यदर्शन होऊ शकत नव्हतं.

धनोकर साहेबांनी सुचवलं की मोगऱ्याला फिरवू, कुत्रा तो कुत्रा, लांबून कोणाला कळतं. एसपी साहेब म्हणाले, मोगरा मागच्या वेळी आमदारांच्या मेव्हण्याच्या मागे गेला होता. अर्थात तो का गेला याची चौकशी त्या वेळी कोणी केली नव्हती. अखेर शेजारच्या जिल्ह्याला फोन झाला आणि त्यांचा बॉम्ब शोधणारा कुत्रा ब्रूनो सकाळी पाठवायचा ठरला. हे सगळं चाललेलं असताना शेषराव दाराशी उभा होता. ब्रूनोचं नाव निघालं तसा तो पहिल्यांदाच मान वर करून नीट ऐकायला लागला.

मग पेटीचा विषय निघाला. आता जाईला उघड्यावर ठेवणं बरं दिसणार नाही, एक चांगली पेटी करून तिच्यावर फुलं घालू, असं धनोकर साहेबांच्या मनात आलं. पण सुतार सगळे लग्नांना गेलेले. शेषराव म्हणाला, "पेटी मी आणतो, साहेब. आपल्या स्टोअरात हायेत." साहेबांना बरं वाटलं. त्यांना वाटलं, गडी शेवटी ताळ्यावर आला.

मी त्याच्याबरोबर स्टोअरमध्ये गेलो. समोरच चार-पाच कोऱ्या पेट्या होत्या, हलक्या आणि मापाला बरोबर. शेषराव त्या ओलांडून मागे गेला आणि भंगारात काढायला ठेवलेली एक जुनी, जाड फळ्यांची पेटी ओढून बाहेर घेतली. मी म्हटलं, लेका, ही उचलायला चार माणसं लागतील, समोरची घे. तो म्हणाला, "हीच बरी." दुःखातल्या माणसाशी कोण वाद घालणार. आम्ही ती धापा टाकत बँडरूममध्ये आणली. त्याने जाईला तिच्या चादरीसकट आत ठेवलं, कान सरळ केले आणि झाकण लावलं. वरून पांढरं कापड घातल्यावर पेटी खरोखर भारदस्त दिसायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मैदानात सगळा जिल्हा लोटला होता. मंडपात पेटी, तिच्यावर गुलाबाच्या पाकळ्या, मागे तो फोटो. पक्षाचे कार्यकर्ते पांढऱ्या कपड्यांत, प्रत्येकाच्या हातात हार, कारण मंत्री गाडीतून उतरताना कोणाच्या हातात हार नसला तर बरं दिसत नाही. ज्यांनी आयुष्यात कुत्र्याला दगडाखेरीज काही मारलं नव्हतं ते जाईच्या आठवणी सांगत होते. बंदुकवाले एका बाजूला, आमचा बँड दुसऱ्या बाजूला. शेषरावला कडेला उभं केलं होतं, फोटोत येणार नाही असं. मंत्र्यांच्या गाड्या बायपासवर आल्याचा निरोप आला. ह्या खेपेला ते खरंच येत होते.

तेवढ्यात शेजारच्या जिल्ह्याची जीप आली. तिच्यातून कविता डाबेराव नावाची शिपाईबाई उतरली आणि तिच्यामागे ब्रूनो, मोठ्या डोक्याचा काळा लॅब्रेडोर. कविता शेषरावकडे आली आणि म्हणाली, "दादा, ट्रेनिंगले तुम्हीच होते आमाले शिकवाले. जाई बी होती." शेषराव वाकून ब्रूनोच्या कानामागे खाजवत राहिला. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं.

ब्रूनोने गेट हुंगलं, खुर्च्या हुंगल्या, गालिचा हुंगला, कार्यकर्त्यांचे हार हुंगले. मग तो पेटीपाशी आला. पेटीभोवती एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला, आणि शांतपणे बसला. नाक पेटीकडे, डोळे कवितेकडे.

आता सामान्य माणसाला यात काही वाटणार नाही. पण बॉम्ब शोधणारा कुत्रा भुंकत नाही, ओरबाडत नाही. त्याला दारूगोळ्याचा वास आला की तो फक्त बसतो. आणि तो बसला की त्याच्यावर कोणाचा हुकूम चालत नाही, अगदी एसपीचाही. मैदानातल्या सगळ्या पोलिसांना हे माहीत होतं, त्यामुळे बघता बघता गणवेशवाल्यांत एकदम शांतता पसरली आणि पांढऱ्या कपड्यांतले तेवढे बोलत राहिले.

"साहेब, बसला," कविता म्हणाली.

धनोकर साहेब म्हणाले, "उठव त्याले. प्रवासानं दमला असंन."

"दमला की तो आडवा होते, साहेब. हा बसला."

एसपी साहेबांनी पुन्हा फिरवायला लावलं. तिने ब्रूनोला पार गेटपर्यंत नेऊन परत आणलं. तो सरळ पेटीपाशी गेला आणि बसला. तिसऱ्यांदा फिरवायची वेळ आली नाही, कारण तोवर कोणीतरी पांढऱ्या कपड्यांतल्यांना अर्थ समजावून सांगितला होता. मी पळणारी माणसं खूप बघितली, लाठीचार्जात तर रोजच. पण हार हातात घेऊन, चपला सोडून, एकमेकांच्या खांद्यांवरून अशी पळापळ नंतर कधी दिसली नाही. आमचा मोठा ढोलवाला ढोल टाकून पळाला आणि ढोल उतारावरून त्याच्या मागे लागला. त्या गर्दीत कविता एकटी चालत गेली, ब्रूनो तिच्या गुडघ्याला लागून. जाताना तिने शेषरावकडे एकदा वळून बघितलं.

सगळे भिंतीच्या आडोशाला जमले. बॉम्ब निकामी करणारं पथक विभागाच्या ठिकाणाहून यायचं, म्हणजे दुपार होणार. पेटीला हात लावायचा नाही असा नियम. तिकडे पीए फोनवर ओरडत होता की गाड्या बायपासवर उभ्या आहेत, साहेबांना पुढे दोन लग्नं आणि एक उद्घाटन आहे, तुमची ती पेटी हलवा आणि मैदान मोकळं करा, साहेब फोटोला हार घालतील. नियम मोठा की पीए, याचा निकाल आमच्या खात्यात फार पूर्वीच लागलेला आहे. धनोकर साहेबांनी विचारलं, पेटी कोण हलवेल. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"मी नेतो, साहेब," शेषराव म्हणाला. "गोळीबार मैदानाच्या मांगं, नाल्याकडं. तिथं मानूस नाई की घर नाई."

एसपी साहेब पुढे आले. "अढाऊ, तुम्ही एकटे?"

"हातगाडी ढकलाले एक जन लागते. खंडारेभाऊ येईन."

मी येतो असं मी कुठेही म्हटलेलं नव्हतं. पण सगळा जिल्हा माझ्याकडे कौतुकाने बघायला लागला आणि मला नाही म्हणायला जागाच उरली नाही. ह्या कामगिरीबद्दल पुढे शेषरावला शौर्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. मला मिळालं नाही, कारण बिगूलवाल्याने बॉम्ब ढकलल्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची ते ठरलं नाही.

आम्ही पेटी हातगाडीवर चढवली. शेषरावच्या कमरेला वॉकीटॉकी लावून दिला होता. पूर्ण रस्ताभर मी माझ्या बायकोची, पोरांची आणि राहून गेलेल्या दोन वरातींची आठवण काढत होतो. गाडी दगडावरून उडाली की माझे डोळे आपोआप मिटायचे. शेषराव मात्र दोन दिवसांत पहिल्यांदा नेहमीसारखा चालत होता. गोळीबार मैदान मागे पडलं, नाला आला, बाभूळ आली. खड्डा तसाच होता, फक्त कडेची माती वाळून पांढरी झाली होती.

त्याने कापड काढलं आणि झाकणाला हात घातला. मी दहा पावलं मागे पळालो.

"भिऊ नको," तो म्हणाला. "काई नाई त्याच्यात. जाईच हाय."

मग त्याने सांगितलं. काही वर्षांपूर्वी दगडाच्या खाणीवर जिलेटिनच्या कांड्या पकडल्या होत्या, त्या कित्येक महिने ह्याच पेटीत होत्या. वास लाकडात मुरला तो मुरलाच. जाई नवीन असताना त्याने तिला बसायला शिकवलं ते ह्याच रिकाम्या पेटीवर.

"मंग तू मुद्दाम आणली?" मी विचारलं.

"मुद्दाम आणली. ब्रूनो येते म्हटल्यावर मले मालूम होतं तो बसंन. त्यानं काई चुकी केली नाई. वास होता, तो बसला."

एका पोलीस शिपायाने मंत्र्याचा कार्यक्रम उधळला होता, आणि तोही सगळे नियम पाळून. कोणाला कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती आणि गाडी ढकलली म्हणून माझीही. मला रागही आला आणि हसूही आलं. मी म्हटलं, शेषराव, अरे आणखी एक तास धीर धरला असतास, मंत्री आलेच होते की दाराशी.

तो जाईला उचलून खड्ड्याकडे नेत होता. त्याने तिला हळूच खाली ठेवलं. मग खड्ड्यात गुडघ्यावर बसूनच म्हणाला, "तिनं धरला ना धीर. तुले मालूम हाय का ती कशी गेली?"

मी म्हटलं, उन्हाने.

"उन्हानं नाई. हेलिपॅडवर मले धनोकर साहेबानं कुंड्या उचलाले बोलावलं. कार्यक्रम पुढं गेला की कुंड्या सावलीत, आला की परत गालिच्याच्या कडंनं. मी तिले मंडपाच्या सावलीत बसवलं, थांब म्हटलं, अन् गेलो. मले वाटलं, आता येतो. तिकडं कुंड्याच सरंनात. मांगं सावली सरकली. ऊन तिच्या अंगावर आलं. हातभर अंतरावर सावली होती, खंडारेभाऊ. ती हालली नाई."

"कोणी उठवलं नाही तिला?"

"उठवलं. एका शिपायानं पानी दाखवलं, एकानं पट्टा ओढला. ती दुसऱ्याच्या शब्दानं उठत नाई. मीच तसं शिकवलं तिले. साऱ्या जिल्ह्यात हुशार म्हनून नाव होतं तिचं." त्याने तिच्या अंगावर चादर ओढली. "एक खेप मी थांबवलं. मेल्यावर हे लोक थांबवून रायले होते, त्याच मानसासाठी. ते मले नाई पाह्यवलं."

तो वर आला आणि हातांनीच माती लोटायला लागला. मीही लोटायला लागलो. लांबून मैदानातल्या लाऊडस्पीकरचा आवाज येत होता. मंत्री आले होते, फोटोला हार घातला होता आणि जाईच्या कर्तव्यनिष्ठेवर बोलत होते. वाऱ्याबरोबर एखादंच वाक्य येत होतं. मग धनोकर साहेबांच्या आवाजात दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती झाली. तिकडे सगळा जिल्हा स्तब्ध उभा राहिला. शेषराव थांबला नाही. तो माती लोटत राहिला, ढेकळं हाताने फोडत राहिला आणि रडत राहिला, मोठ्याने, आजूबाजूला कोणी नसल्यासारखा.

खड्डा भरला. पेटी आम्ही लांब उघड्या जागेत नेऊन ठेवली. दुपारी बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाने ती रीतसर उडवली आणि तिचे तुकडे गोळा करून तपासायला पाठवले. जाई कुठे गेली, हे त्या दिवशीही कोणी विचारलं नाही आणि नंतरही नाही. सोहळा पार पडला होता.

पण ते दुपारचं. त्या वेळी आम्ही दोघं बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभे होतो. मी विचारलं, बिगूल आणलाय, वाजवू का. त्याने नको म्हणून मान हलवली. तेवढ्यात त्याच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. एसपी साहेब होते.

"अढाऊ, वस्तू सुरक्षित ठिकाणी ठेवली का?"

शेषरावने बटण दाबलं. "ठेवली, साहेब."

"शाब्बास. जवळ कोणी नाही ना?"

"मी हाय, साहेब."

"मग लगेच तिथून निघा. तिथे थांबू नका."

त्याने मातीकडे बघितलं. मग तो खाली बसला, बाभळीच्या सावलीबाहेर, उन्हात, आणि एक हात त्या भुसभुशीत मातीवर ठेवला.

"थोडा थांबतो, साहेब," तो म्हणाला.